चिनी समाजाला अधिक राजकीय स्वातंत्र्य पेलेल का?

प्रश्न असा विचारला गेला आहे : गेल्या चार दशकांत चीनने एवढी आर्थिक प्रगती केली, शिक्षण खेडोपाडी पोहोचले, मग तेथील समाज आता अधिक राजकीय स्वातंत्र्यासाठी तयार झाला आहे का, की आधी सम्राटांच्या आणि मग एका पक्षाच्या अमलाखाली राहिलेल्या लोकांना ते पेलणार नाही आणि देशात अराजक माजेल? चिनी भाषा आणि चीनचे समकालीन राजकारण शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न विद्यार्थी, पत्रकार, तसेच व्यापारानिमित्त चीनला जाऊन आलेली मंडळी मला सतत विचारतात. माझे मत आधीच सांगतो. चिनी समाजाची तयारी पुरेशी आहे. जेथे जेथे त्याला थोडाफार खरा अधिकार मिळाला, तेथे तेथे त्याने तो बऱ्यापैकी शहाणपणाने वापरला, याचे दाखले उपलब्ध आहेत. उणीव आहे ती समाज आणि सत्ता यांच्या मधल्या संस्थांची, आणि ती जाणीवपूर्वक कायम ठेवण्यात आली आहे.

‘लोक अजून तयार नाहीत’ हा युक्तिवाद चीनमध्ये शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे वजन किती धरावे हे कळते. 1911 च्या क्रांतीने राजेशाही संपल्यावर 1912-13 च्या हिवाळ्यात संसदेसाठी देशभर निवडणुका झाल्या. मताधिकार फक्त पुरुषांना, आणि तोही शिक्षण वा मालमत्तेच्या अटीवर होता, तरी मतदारयाद्यांत सुमारे 4 कोटी नावे होती. लाचलुचपत झाली, याद्यांत घोळ झाले. पण निवडणूक पार पडली आणि निकालही स्पष्ट लागला. कुओमिंतांग, म्हणजे राष्ट्रवादी पक्ष, हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. त्याचा तरुण नेता सुंग जियाओरेन पंतप्रधान होणार अशी चिन्हे होती; मार्च 1913 मध्ये शांघायच्या रेल्वे स्थानकावर त्याला गोळी घालण्यात आली. पुढे अध्यक्ष युआन शिकाई याने कुओमिंतांगवर बंदी आणली आणि संसदही मोडीत काढली. 1915 मध्ये त्याचे अमेरिकन सल्लागार फ्रँक गुडनाऊ यांनी, चिनी जनतेचे शिक्षण आणि राजकीय अनुभव पाहता प्रजासत्ताकापेक्षा राजेशाहीच या देशाला अधिक मानवेल, असे टिपण लिहून दिले. युआनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले, प्रांत बंड करून उठले आणि काही महिन्यांतच त्याला तो बेत सोडावा लागला. या सगळ्या प्रकरणात मतदारांनी काय बिघडवले होते, हे मला कधीच सापडलेले नाही.

कुओमिंतांगचे संस्थापक सन यत्-सेन यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांचा हेतू प्रामाणिक होता. आधी लष्करी राजवट, मग पक्षाच्या देखरेखीखाली जनतेचे राजकीय शिक्षण, आणि शेवटी घटनात्मक राज्य, अशा तीन टप्प्यांची त्यांची कल्पना होती. कुओमिंतांगने शिक्षणाचा हा मधला टप्पा 1935 पर्यंत संपवण्याचे ठरवले होते. तो 1947 पर्यंत लांबला, आणि त्या काळात पक्षाने लोकांना शिकवण्यापेक्षा लोकांवर नजर ठेवण्याचेच काम अधिक केले. त्याच सुमारास वायव्येकडील यानआनच्या परिसरात कम्युनिस्ट पक्ष नेमका उलटा दावा करत होता. तेथील शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या पाठीमागे एक वाडगा ठेवलेला असे. उमेदवार मतदारांकडे पाठ करून बसत आणि मतदार आपल्या पसंतीच्या माणसाच्या वाडग्यात घेवड्याचा दाणा टाकून पुढे जात. निरक्षर माणूसही आपला प्रतिनिधी निवडू शकतो, असे कम्युनिस्टांची वृत्तपत्रे त्या काळी हिरिरीने सांगत. सत्ता हाती आल्यावर त्याच पक्षाची भाषा बदलली. एप्रिल 1987 मध्ये हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीपुढे बोलताना चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांनी सांगितले की, मुख्य भूमीवर सार्वत्रिक निवडणुका पुढल्या शतकात, आणखी अर्धे शतक उलटल्यावर घेता येतील. आज लोकांची सांस्कृतिक पातळी पुरेशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय वाचकाला, विशेषतः मराठी वाचकाला, हा वाद परका वाटू नये. साक्षरतेची अट घालून मताधिकार मर्यादित ठेवावा, असे आपल्याकडेही सांगितले जात होते, आणि सायमन कमिशनच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी करताना त्या विचारातली चूक नेमकी दाखवली होती : निरक्षर माणूस अजाण असतो हे गृहीतच खोटे आहे, आणि साक्षरतेबरोबर शहाणपण येतेच असेही नाही. 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा भारतातली साक्षरता जेमतेम 18 टक्के होती. आज चीनमध्ये प्रौढ साक्षरता 95 टक्क्यांच्या वर आहे. पातळीचा निकष प्रामाणिकपणे लावायचा, तर तो कधीच पूर्ण झालेला आहे.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू, कारण संस्कृतीविषयीच्या सर्वसाधारण विधानांपेक्षा तो फार मोलाचा आहे. 1980 मध्ये लोककम्यून, म्हणजे सामूहिक शेतीची सरकारी केंद्रे, मोडू लागले तेव्हा ग्वांगशी प्रदेशातील एका गावाने चोऱ्या, जंगलतोड आणि पाण्याची भांडणे आवरण्यासाठी स्वतःहून मतदान घेऊन ग्रामसमिती निवडली. वरून कोणाचा आदेश नव्हता. हा प्रयोग पेंग झेन या ज्येष्ठ नेत्याने उचलून धरला. पेंग झेन काही उदारमतवादी नव्हते. पण लोक आज गाव चालवायला शिकले तर उद्या तालुका आणि जिल्हा चालवायला शिकतील, असे त्यांनी उघडपणे मांडले आणि 1987 मध्ये ग्रामसमित्यांचा कायदा प्रायोगिक स्वरूपात मंजूर करून घेतला. जिलिन प्रांतातल्या लिशू जिल्ह्यात तर प्रत्येक मतदाराला कोरा कागद देऊन कोणाचेही नाव सुचवण्याची मुभा मिळाली. 1998 च्या सुधारित कायद्याने गुप्त मतदान आणि जागेपेक्षा अधिक उमेदवार या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. कोट्यवधी शेतकऱ्यांनी दर तीन वर्षांनी अशी मते दिली आहेत. भाऊबंदकी, मोठ्या घराण्यांची दादागिरी, मतांसाठी पैसे आणि सिगारेटची पाकिटे वाटणे हेही तेथे घडले. पण आपल्या ग्रामपंचायतींचा अनुभव असणारा कोणीही या दोषांवरून ‘हे लोक नालायक आहेत’ असा निष्कर्ष काढणार नाही.

सिचुआनमधील बुयुन या नगरात 31 डिसेंबर 1998 रोजी नगरप्रमुखाची थेट निवडणूक झाली. कायद्यात अशी तरतूद नसताना स्थानिक पक्षाधिकाऱ्यांनीच ती घेतली होती. उमेदवार तीन : एक शाळाशिक्षक, एक ग्रामसमितीचा प्रमुख आणि एक पक्षाने दिलेला उमेदवार. तिघांनाही गावोगावच्या सभांतून लोकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे द्यावी लागली. पक्षाचाच उमेदवार निवडून आला, तोही निम्म्याहून किंचित अधिक मते मिळवून. दंगल झाली नाही, पक्षाची सत्ता गेली नाही. उलट निवडून आलेल्या माणसाला आपण कोणापुढे उत्तरदायी आहोत हे कळले. तरीही काही दिवसांतच सरकारी वृत्तपत्राने ही निवडणूक घटनाबाह्य ठरवली आणि हा मार्ग पुढे बंद झाला.

मला सर्वांत बोलका वाटतो तो झेजियांग प्रांतातल्या वेनलिंगजवळच्या झेगुओ नगराचा प्रयोग. 2005 मध्ये नगर प्रशासनापुढे 30 विकासकामांची यादी होती; त्यांचा एकूण खर्च सुमारे 13.7 कोटी युआन आणि हाती पैसे जेमतेम 4 कोटी. कोणती कामे घ्यायची हे ठरवण्यासाठी संशोधकांच्या मदतीने चिठ्ठ्या टाकून सुमारे पावणेतीनशे सामान्य रहिवासी निवडण्यात आले. त्यांत शेतकरी होते, कारखान्यांत काम करणारे होते, फारसे न शिकलेलेही होते. त्यांना प्रत्येक कामाची माहिती आधी देण्यात आली, मग लहान गटांत आणि मोठ्या सभेत दिवसभर चर्चा झाली, आणि चर्चेच्या आधी व नंतर त्यांची मते लेखी नोंदवली गेली. दिवसाअखेरीस लोकांनी सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामांना वरचा क्रम दिला आणि दिखाऊ कामे खाली ढकलली. अधिकाऱ्यांचा अंदाज होता की प्रत्येक जण आपल्या गावाचा रस्ता मागेल. चर्चेनंतर लोक संपूर्ण नगराच्या गरजेकडे अधिक वळले, असे आकड्यांतून दिसले. नगराच्या लोकप्रतिनिधी सभेने तो क्रम बहुतांशी मान्य केला, आणि अशा सभा नंतरही भरवल्या गेल्या. लोकांनी आधी तयार व्हावे आणि मग त्यांना अधिकार द्यावा, या क्रमालाच झेगुओने सुरुंग लावला आहे : येथे अधिकार आधी मिळाला, आणि लागणारी समज त्याच दिवसाच्या चर्चेत आली.

शहरांतील चित्रही पाहण्यासारखे आहे. 1990 च्या दशकाअखेरीस शहरी घरे खासगी मालकीची झाली तसे वसाहतींतील रहिवासी बांधकाम कंपन्या आणि देखभाल कंपन्यांशी भांडण्यासाठी घरमालकांच्या समित्या निवडू लागले. हिशेब मागणे, इतिवृत्त लिहिणे, अविश्वास ठराव आणणे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. 2003 मध्ये सुन झिगांग या तरुणाचा ग्वांगझोऊमध्ये, केवळ जवळ योग्य कागदपत्रे नसल्यामुळे झालेल्या कोठडीत, मारहाणीने मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी ते प्रकरण उघड केले, तीन तरुण कायदेपंडितांनी संसदेच्या स्थायी समितीला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी स्थलांतरितांना अडकवून परत पाठवण्याचा तो जुना नियम रद्द झाला. 2007 मध्ये शियामेन शहरातील हजारो लोकांनी प्रस्तावित रसायन कारखान्याविरुद्ध शांततेने ‘फेरफटका’ काढला आणि प्रकल्प तेथून हलवला गेला. मोडतोड नाही, हिंसा नाही, मागणी मर्यादित आणि नेमकी : प्रौढ नागरी समाजाची लक्षणे यापेक्षा वेगळी काय असतात?

संस्कृतीचा मुद्दा उपस्थित करणाऱ्यांना मी तैवानकडे पाहायला सांगतो. तेथे 1949 पासून 38 वर्षे लष्करी कायदा होता आणि चिनी परंपरेला पाश्चात्त्य लोकशाही मानवत नाही असेच तेथेही ऐकवले जात असे. मात्र 1950 पासून स्थानिक निवडणुका होत राहिल्या आणि त्यांतून विरोधकांची एक पिढी तयार झाली. 1986 मध्ये विरोधी पक्ष स्थापन झाला, पुढच्या वर्षी लष्करी कायदा उठला, 1996 मध्ये चीनची क्षेपणास्त्रे किनाऱ्याजवळ पडत असताना पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक झाली आणि 2000 मध्ये सत्ता शांततेने बदलली. हाँगकाँगनेही नोव्हेंबर 2019 मध्ये हेच दाखवले. रस्त्यावर अनेक महिने संघर्ष पेटलेला असताना जिल्हा परिषदांच्या मतदानाला 71 टक्के लोक रांगा लावून आले आणि त्या दिवशी शहर शांत होते. 2021 मध्ये फक्त ‘देशभक्त’ ठरवलेल्यांनाच उमेदवारी मिळाली, तेव्हा विधिमंडळाच्या मतदानाचे प्रमाण 30 टक्क्यांवर आले. आपल्या मताला किंमत आहे की नाही, हे मतदारांना दोन्ही वेळा अचूक कळले होते.

असे असले तरी हरकतींना सरसकट झटकून टाकणे बरोबर नाही, कारण त्यांतल्या काही खऱ्या आहेत. अराजकाचे भय हे केवळ सरकारी प्रचाराचे फळ नाही. लष्करी सरदारांचा काळ, जपानी आक्रमण, दुष्काळ आणि सांस्कृतिक क्रांती पाहिलेल्या घराण्यांत ते पिढ्यान्पिढ्या उतरले आहे, आणि 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियातील सामान्य माणसाचे जे हाल झाले तेही चिनी लोकांनी लक्षपूर्वक पाहिले. या भयाचा मी आदर करतो. फक्त एवढेच दाखवून देतो की सांस्कृतिक क्रांतीचा उत्पात अतिस्वातंत्र्यातून आला नव्हता. एका माणसाच्या, म्हणजे माओच्या, शब्दाला आव्हान देऊ शकेल असे न्यायालय, संसद किंवा वृत्तपत्र शिल्लक नव्हते, त्यातून तो आला होता.

दुसरी हरकत मला अधिक गंभीर वाटते. चिनी समाज आपल्यातल्याच सगळ्यांना समान मानायला तयार आहे का? बराच काळ राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेत, म्हणजे चीनच्या संसदेत, ग्रामीण प्रतिनिधीच्या मागे शहरी प्रतिनिधीच्या आठपट लोकसंख्या धरली जात असे. 1995 मध्ये ते प्रमाण चारपट झाले आणि समान व्हायला 2010 साल उजाडले. माणसाला त्याच्या मूळ गावाशी बांधणाऱ्या कुटुंबनोंदणीच्या जुन्या पद्धतीमुळे शहरात वर्षानुवर्षे राबणारा खेडूत तेथे आजही अर्धाच नागरिक असतो, आणि शहरी मध्यमवर्गातील अनेकांना आपल्या मुलांच्या शाळा आणि विद्यापीठांतील जागा त्याच्याबरोबर वाटून घ्यायच्या नाहीत. एक व्यक्ती-एक मत आले तर बहुसंख्य गरीब आपली मिळकत वाटून मागतील, ही धास्तीही या वर्गात आहे. शिनजियांग आणि तिबेट यांच्याबाबतीत तर बहुसंख्य हान समाजाची तयारी सर्वांत तोकडी आहे, हे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. शिनजियांगमधील मुस्लिम उईगुरांना डांबलेल्या छावण्यांबद्दल मुख्य भूमीवर जो आवाज उठायला हवा होता तो उठला नाही. त्यात भीती किती आणि बेपर्वाई किती हे वेगळे करता येत नाही. राष्ट्रवादाचेही तसेच. भाषणस्वातंत्र्य मिळाले की सगळे मवाळच बोलतील असे नाही. तैवान, जपान आणि भारताच्या सीमेविषयी अधिक कडवे सूर उमटतील, आणि आपण शेजाऱ्यांनी ते धरून चालले पाहिजे. मात्र असे कडवेपण मोकळ्या चर्चेत निदान खोडता येते. जेथे विरोधी मत छापलेच जात नाही तेथे ते बिनविरोध वाढत राहते.

लोकांनाच स्वातंत्र्य नको आहे, असेही सांगितले जाते आणि त्यासाठी सरकारवरील विश्वासाचे सर्वेक्षणांतले प्रचंड आकडे पुढे केले जातात. हे आकडे खोटे नाहीत, पण ते वाचताना तारतम्य हवे. थेट प्रश्नाऐवजी, उत्तर देणाऱ्याचे मत उघड होणार नाही अशा आडवळणाच्या पद्धतीने विचारले असता पाठिंब्याचे प्रमाण बरेच खाली येते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. शिवाय राहणीमान सुधारल्याबद्दल सरकारविषयी वाटणारे समाधान आणि तोंड उघडण्याची मुभा नसल्याची खंत एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. वुहानमधील डॉक्टर ली वेनलियांग यांना कोविडच्या साथीची सूचना सहकाऱ्यांना दिल्याबद्दल पोलिसांनी समज दिली होती. निरोगी समाजात एकच आवाज असू नये, असे त्यांनी रुग्णशय्येवरून एका वृत्तपत्रसंस्थेला सांगितले. फेब्रुवारी 2020 मध्ये ते गेले, त्या रात्री लक्षावधी लोकांनी भाषणस्वातंत्र्याची मागणी लिहिली, आणि सकाळपर्यंत ती पुसली गेली. नोव्हेंबर 2022 मध्ये शिनजियांगची राजधानी उरुमछी येथे टाळेबंदी असताना लागलेल्या आगीत 10 जण दगावल्यानंतर शांघाय, बीजिंग आणि अनेक विद्यापीठांतले तरुण कोरे कागद हाती धरून उभे राहिले. दोन आठवड्यांच्या आत कठोर टाळेबंदीचे धोरण मागे घेतले गेले. मागणाऱ्यांना मात्र पोलिसांनी एकेक करून उचलले.

मधल्या संस्थांची उणीव मी म्हणतो ती येथे दिसते. 2003 मधील त्या तीन कायदेपंडितांपैकी शू झियोंग हे त्याच वर्षी बीजिंगच्या हायदियान विभागातून लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले होते. त्यांनी स्थलांतरितांच्या मुलांना शिक्षणाचा समान हक्क मागितला, अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी असा आग्रह धरला, आणि एप्रिल 2023 मध्ये त्यांना 14 वर्षांची शिक्षा झाली. जुलै 2015 मध्ये तीनशेहून अधिक वकील आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली. ग्वांगडाँगमधील वुकान गावाने 2011 मध्ये जमिनी परस्पर विकणाऱ्या अधिकाऱ्यांना हाकलले, प्रांताच्या नेत्यांशी वाटाघाटी केल्या आणि 2012 मध्ये शिस्तीत निवडणूक घेतली. 2016 मध्ये त्या गावाचा निवडून आलेला प्रमुख लिन झुलुआन लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. गावकऱ्यांचा त्या आरोपावर विश्वास नव्हता. माणसे पुढे येतात, काम शिकतात, लोकांचा विश्वास मिळवतात, आणि नेमकी तीच माणसे बाजूला काढली जातात. मग विरोधी पक्ष चालवील, संप मिटवील, जमावाला शांत करील असे अनुभवी नेतृत्व उरत नाही. उद्या अचानक सत्ता डळमळली तर त्या पोकळीतून गोंधळ होण्याचा धोका मला खराच वाटतो. त्याची जबाबदारी मात्र समाजाच्या स्वभावावर टाकता येणार नाही.

म्हणूनच उद्याच्या उद्या राष्ट्रीय निवडणूक घ्या, असे मी म्हणत नाही. न्यायालये आणि वकील यांना मोकळीक, स्थानिक वृत्तपत्रांना स्थानिक अधिकाऱ्यांविषयी लिहिण्याची मुभा, कामगारांना स्वतःची संघटना, आणि गाव ते जिल्हा पातळीवर खऱ्या निवडणुका, हा क्रम मला सुरक्षित वाटतो, कारण यातला प्रत्येक भाग चीनमध्ये कधी ना कधी थोडाफार चालून झालेला आहे. सध्याची दिशा उलटी आहे. 2018 मध्ये ग्रामसमित्यांची मुदत पाच वर्षांची झाली आणि गावचा पक्षसचिवच समितीचा प्रमुख असावा असे धोरण आले. त्याच वर्षी अध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा 2958 विरुद्ध 2 मतांनी उठवण्यात आली.

तयारी खरोखर तपासायची असेल, तर नवा कायदाही लागत नाही. चीनच्या निवडणूक कायद्यानुसार जिल्हा आणि नगर पातळीच्या थेट निवडणुकांत दहा मतदारांनी सह्या केल्या की कोणीही उमेदवार सुचवता येतो. 1980 मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या तरतुदीच्या तेव्हाच्या रूपाचा उपयोग करून जाहीर सभा आणि भित्तिपत्रकांसह खरी लढत दिली होती, आणि 2003 मध्ये शेनझेन व बीजिंगमधील काही घरमालकांनीही ती वापरली. 2011 मध्ये समाजमाध्यमांवरून अनेक जण उभे राहू लागले, तेव्हा त्यांना भेटी, धमक्या आणि पाळत यांना तोंड द्यावे लागले. ज्यांची नावे दाखल झाली त्यांतली बहुतेक ‘विचारविनिमया’च्या टप्प्यावर अंतिम यादीतून गळाली. तो टप्पा बंद दाराआड पार पडतो, आणि नाव का वगळले याचे कारण उमेदवाराला सहसा सांगितले जात नाही. पुढच्या फेरीत ही गाळणी काढून दहा सह्यांची नावे जशीच्या तशी मतपत्रिकेवर जाऊ द्यावीत, एवढेच मी सध्या मागेन.